बनारसची भट्टी आणि मामांचा बुक्का

...तर हो, ॲल्युमिनियम वितळवायला कोणी बनारसला जातं का, असं तुम्ही मागच्या पोस्टखाली विचारलंत. जातं. मी गेले!

माझं फायनल इयरचं प्रोजेक्ट म्हणजे ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन कार्बाइडची काळी पावडर मिसळून हलका पण टणक धातू ओतायचा. पुण्यात दरवेळी पावडर वर तरंगायची, दुधावरच्या सायीसारखी. शेवटी बनारसला लॅबमध्ये काम करणाऱ्या माझ्या मामेबहिणीचा, मैत्रेयीताईचा फोन आला, "आमच्या लॅबची भट्टी शनिवारी सकाळी खाली आहे, कोणाचं बुकिंग नाही. एकच चान्स. ये."

पुण्याहून ट्रेनला दिवसाहून जास्त लागतो, जेवण घरचंच न्या. स्टेशनवरून मैदागिनपर्यंत शेअर ई-रिक्षा, पुढे ब्रह्माघाटापर्यंत पायी. चाकांची बॅग आणू नका, गल्लीत गाई रस्ता देत नाहीत.

ताईचे बाबा, म्हणजे माझे वसंतमामा, पौरोहित्य करतात. आईने दिलेली बाकरवडीची पिशवी मी त्यांच्या हातात दिली आणि आडवी झाले.

सकाळी बघते तर मामांचं कपाळ चमचम करतंय.

"काय बढिया बुक्का आणलास गं! चमकतो! विठोबाला लावला आणि उरलेला जुन्या बुक्क्यातच मिसळून ठेवला."

माझी पावडर त्याच पिशवीत होती.

"बाबा, तुम्ही विठोबाला सिलिकॉन कार्बाइड लावलंत!" ताई ओरडली.

"जहर आहे का?"

"नाही, सँडपेपरवर असतं ते."

"मग ठीक. तो विटेवर उभा राहतो, त्याला खरखरीतची आदत आहे."

मला हसू येईना. नवी पावडर मागवायला वेळ नव्हता. ताई म्हणाली, "बुक्का म्हणजे कोळसाच ना? तसंही पावडर आधी तापवतोच आपण, नाहीतर धातू तिला धरत नाही. जळून जाईल. चल!"

बुक्क्याचा अख्खा डबाच उचलून निघालो. वाटेत कचौडी-जिलेबी खाल्ली (सकाळीच जा, नंतर संपते). लॅबमध्ये पावडर तापली आणि कापूर-चंदनाचा असा वास सुटला की शेजारच्या खोलीतून एक जण डोकावला, "इहाँ हवन होत हौ का?"

ॲल्युमिनियम वितळलं. धातूने पावडर धरावी म्हणून चिमूटभर मॅग्नेशियम. मग वरून धातूत बुडवलेला पंखा फिरत भोवरा करत होता, त्यात मी गरम पावडर हळूहळू सोडत होते. "पिठल्यात बेसन घालतेस तशी," ताई म्हणाली, "घाई केलीस की गुठळ्या!" या वेळी काहीच तरंगलं नाही. साच्यात ओतलं, गार झाल्यावर कापलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. काळे कण सगळीकडे सारखे पसरलेले! मी ताईला मिठीच मारली.

संध्याकाळी घाटावर मलइयो, म्हणजे दुधाचा गोड केशरी फेस, खाल्लं. थंडीतच मिळतं, चुकवू नका.

आता पुण्यात आहे. तुकडा टेबलावर आहे, आमच्या आधीच्या सगळ्या तुकड्यांपेक्षा टणक निघालाय. पण काल सरांनी विचारलं, "पावडर शुद्ध होती ना?" मी "सांगते" म्हणून पळाले. कोळसा जळला, पण थोडी राख राहिलीच असणार, आणि काय माहीत, जमलं ते तिच्यामुळेच असेल! मामा फोनवर म्हणतात, "लिही की बिनधास्त, देवाचाच होता." ताई म्हणते, शुद्ध पावडर घेऊन परत ये, पण भट्टी कधी मिळेल सांगता येत नाही, आणि सबमिशन तोंडावर आलंय.

तुम्ही असता तर रिपोर्टात बुक्का लिहून हाच तुकडा दिला असता, की परत बनारस गाठलं असतं?