काचेवरचा डोंगर

फ्रेमच्या दुकानात शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक कमी आणि भांडण जास्त असायचं. दुकान एका बाईचं. गल्लीत तिला सगळे काचबाई म्हणत. काच कापायची ती एका ओढीत, आणि बोलायचीही तशीच. पन्नाशी उलटलेली, लग्न केलेलं नाही, बोटांवर जुन्या चिरांचे पांढरे व्रण. घरी म्हातारी आई, आणि आठवड्यातून एकदा दुकानात ही मंडळी.

मंडळी म्हणजे एका जुन्या सिनेमाचे वेडे. सिनेमा वाळवंटाचा. लोक तो कधीच विसरले होते, पण यांना त्यातला प्रत्येक प्रसंग पाठ. आणि भांडण एकच, तो घेतला कुठे? कंपनी बुडाली, करते-सवरते गेले, विचारायला कोणी उरलं नाही, त्यामुळे भांडायला मैदान मोकळं. हौसेला मोल नसतं म्हणतात, अक्कलही नसते.

एका बाजूला दातांचे डॉक्टर. त्यांच्या मते ते खरं वाळवंट, सरहद्दीजवळचं, गाड्या बदलत जावं लागतं असं. दुसऱ्या बाजूला भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर. त्यांच्या मते ते वाळवंट नव्हेच. नदीच्या जुन्या पात्रातलं वाळूचं रान, सकाळच्या बसने निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं एवढ्या अंतरावर.

"कॅमेरा जरा खाली धरला की झाडं दिसत नाहीत," मास्तर म्हणायचे.

"आणि ऊन? ते कोणत्या बसने आणलं?" डॉक्टर विचारायचे.

बाकीचे कधी या बाजूला, कधी त्या. सिनेमातली छायाचित्रं ते काचबाईकडून फ्रेम करून घ्यायचे, तिथूनच हा अड्डा जमला. तिच्याकडे लांबलचक टेबल होतं आणि वर चांगला दिवा. ती कोपऱ्यात पट्ट्या कापत बसायची, मध्ये बोलायची नाही. सगळ्यांचं मत एकच, बाईला या सिनेमाचं काही देणंघेणं नाही.

इथेच ती शहाणी माणसं चुकली.

तिचा बाप सुतार होता. त्याच सिनेमाच्या कंपनीबरोबर तो किल्ल्याचा लाकडी सांगाडा उभा करायला गेला आणि परत आला नाही. ती तेव्हा पाटी-पेन्सिलच्या वयाची. आईने सांगितलं होतं, वाळूचं वादळ आलं, किल्ल्याची भिंत पडायला लागली, ती धरायला तुझा बाप धावला आणि वाळूने त्याला गिळलं. लांबचं वाळवंट, ना रस्ता ना माणूस, आणायचं तरी काय? शाळेत ती ही गोष्ट सांगायची तेव्हा पोरं गप्प व्हायची. बाप नसलेल्या दुसऱ्या पोरांना ती चिडवायची, हिला कोणी चिडवलं नाही. भिंत धरताना मेलेल्या सुताराची मुलगी म्हणून तिने मान वर करून जन्म काढला. लग्नाला एक-दोन जण विचारायला आले, त्यांच्यात तिला भिंत धरणारा कोणी दिसला नाही.

आता हिशेब सरळ होता. सिनेमा लांब झाला असेल तर बाप मेला. जवळ झाला असेल तर बाप अर्ध्या दिवसाच्या वाटेवर जिवंत होता, आणि आला नाही. मंडळींच्या खेळात तिचा बाप पणाला लागला होता आणि खेळणाऱ्यांना ते ठाऊकही नव्हतं. ती कोणाला बोलली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

भांडणाचा निकाल लावायची या मंडळींची एक रीत होती. छायाचित्रावर काच ठेवायची, मागच्या डोंगरांची कड काळ्या शाईने काचेवर उतरवून घ्यायची, मग ती काच घेऊन जागेवर जायचं आणि डोळ्यांसमोर धरायची. काचेवरची रेघ समोरच्या डोंगराशी जुळली, तर जागा तीच. पण वाद घालणाऱ्याने काच धरायची नाही, कारण मन वाकडं असलं की हातही वाकडा होतो. काच धरणारा तिऱ्हाईत हवा. तो सांगेल ते शेवटचं, पुन्हा कोणी बघायचं नाही.

मास्तरांची नजर तोवर पार अधू झाली होती. त्यांनीच हट्ट धरला की डोळे पूर्ण जायच्या आत नदीकाठच्या रानाचा निकाल लागू दे. आणि तिऱ्हाईत कोण, तर काचबाई. दोन्ही बाजूंनी एकमताने.

"तुमच्याइतका स्थिर हात कोणाचा नाही," डॉक्टर म्हणाले, "आणि तुम्हाला काय, लांब काय नि जवळ काय."

तिला नाही म्हणता आलं असतं. पण माझ्या मते तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. खात्री होती ना तिची की जुळणार नाही.

रान ओसाड होतं. पिवळी वाळू, मध्येमध्ये काटेरी झुडपं, वर रणरणतं ऊन. मास्तरांनी सांगितलेल्या उंचवट्यावर ती चढली. मंडळी मागे थांबली. डॉक्टर गाडीच्या सावलीत पाणी पीत होते, अगदी निश्चिंत. तिने काच उचलली, हात जरा खाली घेतला, पाव पाऊल डावीकडे सरकली.

रेघ जुळली. अशी जुळली की काचेवर शाई आहे हेच दिसेनासं झालं.

ती तशीच उभी राहिली. समोर वाळू होती, तिच्या बापाला न गिळलेली. मागे रस्त्यावरून एक बस गेली, तिच्या गावाकडे जाणारी.

"काय म्हणतेय काच?" मास्तरांनी हाक दिली.

"नाही जुळत," ती म्हणाली.

"पुन्हा बघा. डावीकडून बघा."

"सगळीकडून बघितलं, मास्तर. नाही."

मास्तर "बरं" एवढंच म्हणाले. नियम त्यांनीच घालून दिलेला, मोडतील कसे? परतीच्या वाटेवर डॉक्टर इतके समजुतीने बोलत होते की ऐकवत नव्हतं. मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले होते, खरं तर त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं.

घरी आई खाटेवर बसून शिंप्याने दिलेल्या शर्टांना बटणं लावत होती. सुईत दोरा ओवायला तिला अजून कोणी लागत नसे.

"कुठे गेली होतीस एवढ्या उन्हात?"

"सिनेमावाल्यांबरोबर. ते नदीकाठचं रान बघायला. ती जागा नव्हे, आई. सिनेमा लांबच झाला होता. वाळवंटातच."

आईने दोरा दाताने तोडला. "माझ्याशी कशाला खोटं बोलतेस? कंपनीचा ट्रक दर शनिवारी आपल्या कोपऱ्यावर थांबायचा. सगळे उतरायचे. तू झोपलेली असायचीस, मी उभी असायची."

"मग वादळ?"

"वादळ मी आणलं. तू शाळेत काय सांगितलं असतंस? कोणा बाईसाठी राहिला तिकडे. बाकीच्या सुतारांनी सांगितलं, तेही मान खाली घालून."

"मला का नाही सांगितलंस? एवढी मोठी झाले मी."

"तू त्याचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावलास. मग कधी सांगायचं?" आई म्हणाली आणि पुढचं बटण घेतलं.

काचबाई रडली नाही. तिला राग आला, आणि राग कोणावर काढावा ते कळेना. म्हातारीवर काढावा तर तिने पोरीसाठीच केलं होतं. बापावर काढावा तर तो हाताशी नव्हता. उरले मास्तर, ज्यांचं तिने काही कारण नसताना वाटोळं केलं होतं. ज्या गोष्टीला वाचवायला ती खोटं बोलली, ती गोष्ट घरात कोणाला नकोच होती.

मास्तर दुकानात यायचे थांबले. मग एकदा डॉक्टर आले, विजयाची खूण म्हणून सिनेमातलं एक छायाचित्र मोठ्या फ्रेममध्ये हवं होतं, खाली पितळी पट्टी, 'खरे वाळवंट'. जाता जाता म्हणाले, "मास्तरांनी सगळी छायाचित्रं रद्दीत घातली. धड जेवतही नाहीत, सून सांगत होती. खेळ खेळासारखा घ्यावा माणसाने." काचबाईने ती फ्रेम केली नाही. दुकानाला कुलूप घातलं आणि मास्तरांच्या घरी गेली.

ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली. आवाजावरून त्यांनी तिला ओळखलं.

"मास्तर, त्या दिवशी रेघ जुळली होती."

"बसा, बाई." ते थकल्यासारखं हसले. "डॉक्टरांनी पाठवलं का? दया नको मला. चुकलो तर चुकलो."

"दया नाही. मी खोटं बोलले."

"तुम्ही का खोटं बोलाल? तुमचं काय अडलंय त्यात?"

म्हणजे बापाचं बोलल्याशिवाय सुटका नव्हती. तिने जन्मात हे वाक्य उच्चारलं नव्हतं, मनातसुद्धा नाही.

"माझा बाप त्या कंपनीत सुतार होता. लांबच्या वाळवंटात मेला असं मी धरून चालले होते. तो मेला नाही. कंपनीचा ट्रक दर शनिवारी सगळ्यांना गावात आणून सोडायचा. तो आला नाही. आम्हाला टाकून दिलं त्याने. जागा जवळची निघाली असती तर हे मान्य करावं लागलं असतं, म्हणून नाही म्हणाले."

मास्तर ताठ झाले. दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट.

"म्हणजे जुळली होती?"

"हो."

"पूर्ण?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत."

त्यांच्या अधू डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते पुसायचंही भान त्यांना राहिलं नाही. त्यांनी चाचपडत शेजारचा फोन ओढला आणि बोटांनी अंदाज घेत नंबर फिरवला.

"डॉक्टर! मी बोलतोय. जागा जवळचीच. नुसती काच नाही हो, माणसाचा पुरावा मिळाला! कंपनीच्या सुताराची मुलगी माझ्यासमोर बसलीय. दर शनिवारी ट्रक गावात यायचा. दर शनिवारी! लांबचं वाळवंट असतं तर आला असता का? तिचा बाप हवं तेव्हा घरी येऊ शकत होता आणि आला नाही. आता बोला!"

पलीकडून डॉक्टर बराच वेळ काहीतरी बोलत होते. मास्तरांचा चेहरा उजळलेला. इतकी वर्षं त्या टेबलावर ऐकलेल्या भांडणांत तिने त्यांना एवढं आनंदात कधी पाहिलं नव्हतं.

"त्यांचा विश्वास बसत नाही," मास्तर रिसीव्हर तिच्याकडे धरून म्हणाले. "तुम्हीच सांगा, बाई. तुमच्या तोंडून ऐकू दे त्यांना."

तिने रिसीव्हर घेतला.

"खरं आहे, डॉक्टर," ती म्हणाली. "तो येऊ शकत होता."