यांगकाकांच्या गावचं झाड

यांगकाका आले की आधी जमिनीवरच बसकण मारतात. गुडघ्यांचा पार भुगा झालाय. उभा जन्म आमच्या वनस्पती संग्रहालयासाठी डोंगरातल्या झाडांवर चढण्यात गेला. त्यात फेंगश्यांगचं झाड म्हणजे ताडमाड उंच. वसंतात फुलांची फांदी हवी, शरदात त्याच झाडाची काटेरी बोंडांची. एकाच झाडावर दोनदा चढा! मी त्या फांद्या दाबून वाळवते आणि दोन्ही एका कागदावर शिवते. माझी मान त्यातच गेली. आम्हा दोघांचं मिळून एक धड माणूस निघालं तरी खूप.

नियम एकच, झाड रानात आपसूक उगवलेलं हवं. लावलेलं चालत नाही.

आणि काकांच्या पाइल्यू गावचं झाड लावलेलं. दक्षिण चीनच्या डोंगरातल्या आम्हा म्याओ लोकांमध्ये नव्या जागी आधी फेंगश्यांगचं रोप लावतात. जगलं तर तिथे राहायचं, मेलं तर गाठोडी उचलून पुढे चालायचं. जगलेलं झाड गावाची आई. सणाला तिच्या मुळाशी भाताची दारू ओततात. तिची फांदी कुणी तोडत नाही.

यंदा पावसाळ्यात ती आई अर्धी कोसळली. आतून केव्हाच पोकळ झाली होती. पडलेली एक डहाळी फडक्यात बांधून काका माझ्याकडे आले.

"जूफेन, हिला कपाटात ठेव. पुढच्या वाऱ्यात उरलेलीही जाईल."

"काका, ती लावलेली आहे. तुम्हाला का मी नियम सांगू?"

ते फडक्याची गाठ परत बांधू लागले. त्यांचं उतरलेलं तोंड मला बघवेना. मी म्हटलं, "रानातली म्हणून लिहिते. साहेबांना काय कळतंय!"

"म्हणजे आमचे वाडवडील तिथे आलेच नाहीत, असंच ना?" काका कडाडले. "वा गं शहाणे! आईला ठेवायची आणि तिला लावणाऱ्यांना पुसायचं?"

"मग माझं डोकं कशाला खाता?" मीही वैतागले. ते डहाळी घेऊन निघून गेले. नंतर दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

शरदात परत आले. सदरा फाटलेला, कोपरं सोललेली. पाठीवर बोंडांची फांदी.

"गावाच्या वरच्या कड्यावरची. तिथे फावडं घेऊन कुणी जात नाही. आईचंच बी वाऱ्याने नेलं, पोरी. हे पोर आपसूक उगवलंय."

"आणि हे वय आहे का कड्यावर चढायचं? पडला असता म्हणजे?"

"पडलो नाही ना! मग शीव."

मी शिवली. गाव, उंची, काकांचं नाव, 'रानातलं झाड' असं सगळं चिठ्ठीवर लिहिलं. काका वाकून बघत होते.

"आईचं नाव कुठाय?"

"झाडाच्या आईला चिठ्ठीत जागा नसते, काका."

त्यांनी मान डोलावली. मग कागदाच्या कोऱ्या अर्ध्या भागावर बोट ठेवलं. "आणि ही जागा?"

"फुलांची. वसंतात आणाल ना तुम्ही."

काका उठायला गेले. उठवेना. मी हात दिला, तरी उठवेना. परत खालीच बसले, आणि दमल्या आवाजात म्हणाले, "फुलं नाही आणवणार आता. तिथे आईचं लिही."

मी लिहिलं: हिची आई पाइल्यूत, माणसांनी लावलेली.