सेलूजवळची टस्कनी आणि खरवडलेलं लेबल

वाइन म्हटलं की शहाणी माणसं नाशिकला जातात. मी परभणी जिल्ह्यात गेलो, कारण मोबाइलवर एका द्राक्षबागेची 'मराठवाड्याची टस्कनी' (म्हणजे इटलीतला वाइनचा प्रसिद्ध प्रांत) अशी जाहिरात दिसली आणि घरी कुणी अडवलं नाही. संभाजीनगरहून सकाळच्या गाडीनं सेलू, स्टेशनबाहेर पोहे-चहा, मग चारठाण्याच्या दिशेनं रिक्षा. जाऊन-येऊन सातशे. रस्ता निम्मा चकाचक आहे. उरलेल्या निम्म्यात आपली कंबर आपण सांभाळायची.

रिक्षात एक वयस्कर बाई आधीच बसल्या होत्या. सेलूच्या निवृत्त शिक्षिका.

"तुमी बी बागंतच चाललाव का?"

"हो. तुम्हाला आवडते का वाइन?"

"मी पीत न्हाई. द्राक्षं बघायला चालले."

एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

फाटकावर माणशी पाचशेचं तिकीट. बाईंनीही मुकाट्यानं काढलं. आत हॅटवाला गाइड. "मालक मागच्या वर्षी बदलले, पण आत्मा तोच आहे," असं त्यानं सांगितलं. आत्म्यासोबत 'मिलेट क्रिस्प' दिले. आमच्याकडं त्याला शिळी भाकरी म्हणतात.

मग यंदाची बाटली हातात घेऊन गाइड सुरू झाला. लेबलवर ठसठशीत 'सुमन', खाली 'सेंद्रिय'. "या बागेच्या संस्थापक सुमन मॅडम फ्रान्सला वाइन शिकल्या आणि..."

"परभणीच्या पुढं मी कुठंच शिकायला गेले न्हाई," बाई म्हणाल्या.

गाइडनं हॅट काढली. ती पुन्हा घालावी की नाही, हे त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

नवरा गेला, गुडघे गेले, म्हणून सुमनबाईंनी बाग विकली होती. बागेबरोबर नावही गेलं. नव्या मालकाकडून एकच शब्द घेतला होता, की वेलींना रासायनिक काही लागू द्यायचं नाही. तो शब्द पाळला जातोय का, हे बघायला त्या तिकीट काढून आल्या होत्या. वेलींच्या ओळीत त्या कशाबशा वाकल्या.

"हे बुडातलं गवत कशानं करपलं?"

"उन्हानं, मॅडम."

"उन्हातलं गवत हिरवंगार, अन् वेलीच्या सावलीतलं करपलंय? तणनाशक मारलाव तुमी."

गाइड हातातली हॅट झटकू लागला.

"मालकाला सांगा, बाटलीवरनं माझं नाव काढा म्हणावं."

"मॅडम, ब्रँड तर तुम्हीच विकलाय ना."

मला लाज वाटत होती, आणि त्या लाजेतच मी बाराशेची बाटली घेतली. माझ्यासारख्या गिऱ्हाइकांवरच तर टस्कनी चालते.

परतीच्या वाटेवर त्यांनी बाटली मागितली. मांडीवर आडवी धरून नखानं 'सुमन' खरवडत बसल्या. खड्ड्यात रिक्षा आदळली की थांबायच्या, पुन्हा सुरू. सेलू आलं तेव्हा तिथं पांढरा डाग उरला होता.

"एकीवरनं तरी गेलं," म्हणाल्या, आणि बाटली मला देऊन उतरल्या.

लोक विचारतात, जावं का? रस्ता, खर्च सगळं वर लिहिलंय. वाइन घरी येऊन प्यायलो. चांगली होती. वाईट निघाली असती तर किती बरं झालं असतं!

लेबलवर 'सेंद्रिय' मात्र तसंच राहिलं होतं. ते मी काढलं.