दिगूभाऊ अन् झिनियाच्या वाफ्यातल्या माशा

फुलावर बसलेल्या किड्यांचे असे जवळून काढलेले फोटो साऱ्या नागपुरात दुसऱ्या कोणापाशी नसतील, अन् त्यातल्या कितीतरी फोटोंत माहा हात आहे, हे मी छाती ठोकून सांगतो. हात म्हणजे खरोखरचाच हात. फोटोच्या कोपऱ्यात तो जो भुरकट गोळा दिसते, ज्याले पाहणारे कळी समजतात, तो माहा अंगठा आहे. फोटो काढणारे दिगूभाऊ मागच्या महिन्यात गेले. पेपरातल्या एका भल्या माणसानं म्हटलं, तुम्ही त्यांच्या संग राहत होते, दोन शब्द लिहून द्या. आता मले सही सोडून काही लिहिता येत नाही, अन् ती सही बी दरवेळी वेगळी येते. म्हणून मी बोलून राहिलो अन् माही पोट्टी लिहून राहिली. यात काही बरं वाटलं तर ते तिचं समजा.

माही नंदनवनात फुलझाडांची नर्सरी आहे. दर रविवारी सकाळी दिगूभाऊ वाडीहून सायकलनं येत. ते कॅमेरा घेऊन झिनियाच्या वाफ्यापुढं पोटावर पडत, अन् वाऱ्यानं फूल हलू नये म्हणून मी चादर धरून उभा राहत असो. त्या रविवारी बी मी चहा ठेवला, चादर काढली. तेवढ्यात एक ट्रक थांबला, वाडीहून कळमन्याले चाललेला. डायव्हर खाली बी उतरला नाही, खिडकीतूनच म्हणे, "फोटोवाले भाऊ काल वारले. वहिनीनं तुम्हाले सांगायले लावलं." मी म्हटलं, "बरं." ट्रक गेला... अन् मी जाऊन वाफ्यापाशी चादर धरून उभा राहिलो. बायकोनं येऊन माह्या हातातून ती ओढून घेतली, तोवर मी वारं अडवून राहिलो होतो.

ते पहिल्यांदा आले तेव्हा नंदनवनात अर्धे प्लॉट रिकामेच होते. वाडीले अमरावती रोडवर त्यांचा लहानसा फोटो स्टुडिओ होता. ट्रकवाल्यांचे लायसनसाठी फोटो काढायचे, हाच धंदा. मले म्हणे, "नामदेवराव, तुमच्या फुलायवर येत्या रविवारी फोटो काढू का?" मले वाटलं, कॅलेंडर छापतात का काय. शनिवारी मी साऱ्या बागेत किडे मारायची पावडर मारली, वरून तंबाखूचं पाणी मारलं, पान अन् पान फडक्यानं पुसलं. असी बाग मी माह्या लग्नाच्या वक्ती बी सजवली नव्हती. दिगूभाऊ आले, पोटावर पडले, या वाफ्यातून त्या वाफ्यात सरकत गेले. ऊन वर आलं तरी फोटो काही निघेना. शेवटी म्हणे, "एक बी किडा नाही गा इथं?" मी म्हटलं, "एक बी नाही भाऊ. गॅरंटी." ते माह्याकडं पाहतच राहिले. "मले किड्यांचेच फोटो पाहिजे होते," म्हणे. तेव्हा मले वाटलं, हा माणूस सरकारी आहे, रोग तपासायले आला. मी आईची शपथ घेऊन सांगितलं की आमच्या नर्सरीत किडे कधीच नव्हते. ते हसले, चहा पिले अन् सायकलवर बसून गेले. म्हटलं, गेला बला.

पण पुढच्या रविवारी पुन्हा हजर. या टायमाले मी तयारीत होतो. एक मेलेला हिरवा भुंगा शोधून डिंकानं गुलाबावर चिकटवून ठेवला होता, तोंड एकदम कॅमेऱ्याकडं. दिगूभाऊनं लेन्समधून पाहिलं. "हा मेला आहे," म्हणे. मी म्हटलं, "झोपला असन भाऊ, थंडी आहे." ते म्हणे, "झोपलेला बी पायानं धरून झोपते गा. यानं फुलाले धरलंच नाही." मी डिंकाचं बोट पायजाम्याले पुसलं. त्या दिवसापासून झिनियाचा एक वाफा मी त्यांच्यासाठी बिनापावडरचा ठेवला. त्यातला मावा गुलाबावर गेला, गिऱ्हाईक म्हणू लागले, "नामदेव, रोपाच्या संग रोग फुकट देतो का?" तरी ठेवला. काहून ठेवला, ते मले आजवर सांगता आलं नाही. बायकोनं तर विचारणंच सोडून दिलं.

त्यांचं काम म्हणजे एक भानगडच होती. लेन्स उलटी लावत. ती उलटी बसावी म्हणून वाडीच्या एका गॅरेजमध्ये, ट्रकचे पार्ट बनवणाऱ्या लेथवर लोखंडी रिंग बनवून घेतली होती. तशी लेन्स लावली की माशीचा डोळा टिकलीएवढा दिसे, पण साफ दिसे ती जागा केसाएवढी. बाकी सारं धुकं. जरासं पुढं झुकलं तर डोळा गेला, मागं झालं तर मिशी गेली. म्हणून ते श्वास रोखून धरत. त्यांचं पाहून मी बी रोखत असो. त्यांचा फोटो निघे, अन् मले ठसका येऊन माशी उडे. हिवाळ्यातल्या सकाळी बरं राहे, दवानं माशा गारठून बसलेल्या राहत. एकदा मले म्हणे, "ये, पाहून घे." मी डोळा लावला. काय दिसलं? काहीच नाही. चुकीचा डोळा बंद केला होता. पण त्यांले वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, "वा भाऊ, काय देखणी आहे." लेन्सपुढं तेव्हा माशी नव्हतीच म्हणे.

एक दिवस मी विचारलंच, "भाऊ, हे काहून करता? तुमच्या बुद्धाच्या धर्मात जीव मारत नाही म्हणून का?" ते म्हणे, "घरी ढेकूण मी नखानं चिरडून मारतो गा." मंग लेन्स पुसत म्हणे, "स्टुडिओत दिवसभर लोकाले सांगतो, हलू नका. अन् ते हलत नाहीत. डोळे असे करतात, जसा मी त्यांले पकडून राहिलो. हे किडे माहं ऐकत नाहीत. बरं वाटते." मी मान हलवली. मले वाटलं, चहात साखर कमी झाली म्हणून असं बोलून राहिले.

भाऊ गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी वाडीले गेलो. वंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. तेव्हा वहिनी मले मागच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेल्या, जिथं भाऊ फोटो धुवत. खोक्यामागं खोके होते. माशा, भुंगे, मुंग्या, नाकतोडे. वहिनी म्हणाल्या, "नामदेवभाऊ, दर रविवार या माणसानं तुमच्या बागेत घातला. मी घरी भाजी निवडत बसलो की हा तिकडं माशीच्या तोंडात तोंड घालून. माहा भाऊ म्हणते हे भंगारात दे, खोली भाड्यानं लाव. तुम्ही संग होते. हा काय पाहत होता, तेवढं सांगा. मंग मी ठेवायचं का द्यायचं ते पाहतो."

साऱ्या जन्मात मले कोणी इतका महत्त्वाचा सवाल केला नव्हता. मी म्हटलं, "वहिनी, दर फोटोले ते तुमची आठवण काढत." वहिनी म्हणाल्या, "लबाड बोलू नका." मंग मी डिंकाचा भुंगा सांगितला. पावडरची बाग सांगितली. ते हलू नका वालं बी सांगितलं, जसं आठवलं तसं, उलटंसुलटं. वहिनी ऐकत होत्या. हसल्या नाहीत, रडल्या नाहीत. मले समजेना की मी फोटो वाचवून राहिलो का बुडवून राहिलो. शेवटी त्यांनी खोक्याचं झाकण लावलं अन् म्हणाल्या, "रविवारी येतो मी."

अन् आल्या बी. त्याच ट्रकमध्ये डायव्हरच्या बाजूले बसून, थैलीत भाऊचं निगेटिव्ह पाहायचं भिंग घेऊन. झिनियाच्या वाफ्यात भाऊ पडत तिथली माती अजून दबलेली आहे, तिथं मी कोणाले पाय ठेवू देत नाही. वहिनी पदर खोचून बरोबर तिथंच बसल्या. एक माशी फुलावर बसली होती, पंखावर दव. वहिनीनं भिंग धरलं अन् वाकल्या. मी चादर धरली अन् सांगू लागलो. भाऊ असे वाकत, कोपर इथं टेकवत, श्वास असा घेत, अन् मी इथं उभा राहत असो, एकदा तर मी... वहिनीनं भिंगावरचा डोळा न काढता म्हटलं,

"नामदेवभाऊ, गप राहा अन् बाजूले सरका. मले माशी दिसून नाही राहिली, नुसते तुम्हीच दिसून राहिले."