जिची नक्कल होते ती मुलगी

नव्वदच्या दशकात मी जालन्यात चेहऱ्याचे क्रीम विकणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होतो. प्रत्येक कॉलेजात इतर मुली जिची नक्कल करतात अशी एक मुलगी हेरायची, तिला क्रीम फुकट द्यायचे आणि तिच्याकडून मुलींची आवड जाणून घ्यायची, हे माझे काम.

भोकरदनच्या बसस्थानकावर मला ती सापडली. तिने ओढणी एका खांद्यावर पिनेने अडकवली की आठवडाभरात चार मैत्रिणींच्या ओढण्या तशाच दिसत.

"दादा, ही हिरवी डबी आजीच्या बामासारखी दिसते. गुलाबी करा," ती एकदा हसून म्हणाली. "न्हाई तर मलाच ठेवा की नोकरीला!"

तिची सूचना मी माझी म्हणून कळवली आणि शाबासकी मिळवली. पुढच्या खेपेस ती स्थानकावर नव्हती. तिची मैत्रीण खालच्या आवाजात म्हणाली, "स्टँडवर कोणी माणूस तिला डब्या देतो, अशी गावात बोंब झाली. वडिलांनी कॉलेज बंद केलं. आता लग्न जमवून राह्यले."

तिचे गाव जवळच होते. वडिलांना भेटून, 'ही माझी नोकरी होती, मुलीचा काही दोष नाही,' एवढेच सांगायचे होते. मी गेलो नाही. लोक मारतील अशी भीती वाटली, असे पुढे मी स्वतःला समजावत आलो. पण त्या क्षणी मला भीतीही वाटली नव्हती. मी त्या मैत्रिणीला फक्त विचारले, "मग आता मुली कोणाचं बघून करतात?"