चिठ्ठी नसलेले खण

माझ्या सासूबाईंना शुक्रवार पेठेतल्या बायका ओळखायच्या त्या त्यांच्या ब्लाउजवरून. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, वरच्या मजल्यावरच्या काकूंकडून ऐकलंय. साडी साधीच, रोजची, दोनदा रंग गेलेलीसुद्धा. पण तिच्यावर ब्लाउज असा काही शोधून घातलेला, की भारी साडी नेसून आलेली बाई स्वतःच्या पदराकडे संशयाने बघायला लागायची. करड्या साडीवर हळदी रंगाचा, विटकरी साडीवर गर्द हिरवा. "साडी काय, कुणीही घेतं. ब्लाउज शोधावा लागतो," असं त्या म्हणायच्या म्हणे. ओळखीत कुठे लग्न निघालं की त्या घरची बाई त्यांना घेऊन तुळशीबागेत जायची. दुकानदार त्यांना लांबून बघूनच सुस्कारा सोडायचा, कारण आता चाळीस पीस उलगडावे लागणार आणि त्यातला एक खपणार.

मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा सासरे जाऊन दीड वर्ष झालं होतं. सासूबाई पन्नाशीच्या आसपास होत्या. रंगीत साड्या त्यांनी बोहारणीला देऊन टाकल्या होत्या. बदल्यात आलेल्या स्टीलच्या पातेल्यात आम्ही दूध तापवायचो. आता अंगावर राखाडी नाहीतर मळकट पांढरी साडी आणि पांढरा ब्लाउज, बारा महिने. असं वागा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, काळ तसा राहिला नव्हता. पण असं करू नका असंही कुणी म्हटलं नव्हतं. दाराची कडी वाजली की त्या उठून स्वयंपाकघरात जायच्या. आलेलं माणूस कितीही वेळ बसो, त्या आतून चहा पाठवायच्या, बाहेर यायच्या नाहीत.

मला ते फार लागायचं. दोनच तर खोल्या होत्या आमच्या. ही बाई अशीच आतल्या खोलीत म्हातारी होणार, आणि मी त्यांच्या हातून ट्रे घेऊन बाहेर येत राहणार, असं डोळ्यांसमोर यायचं. सून म्हणून मी नवी होते. त्यांना काही सांगण्याची माझी प्राज्ञा नव्हती.

मी वाघोलीची. तेव्हाची वाघोली, म्हणजे नगर रस्त्यावरचं खेडं. आमच्याकडे घर सजवायचं म्हणजे दिवाळीला भिंतींना चुना आणि उंबऱ्याला गेरू, संपलं. पण मला भलती हौस. लग्न शहरात ठरलं तेव्हा मी मनातल्या मनात सगळी खोली लावून टाकली होती. प्रत्यक्षात पुढच्या खोलीत निघाली एक लोखंडी खाट, एक घडीची खुर्ची, अर्ध्या भिंतीपर्यंत हिरवा ऑइलपेंट आणि वर तीन कॅलेंडरं. त्यातली दोन जुन्या वर्षांची, चित्र चांगलं आहे म्हणून ठेवलेली.

यांचा पगार बेताचा, त्यामुळे हौसही बेताने. डालड्याचे रिकामे डबे गेरूने रंगवले, त्यात मनीप्लांट लावला. जुन्या बाजारातून वेताचा एक मोडा आणला, त्याचे सुटलेले वेत सुतळीने आवळले. "यावर बसायचं की लांबून नमस्कार करायचा?" हे म्हणाले. मी म्हटलं, आधी नमस्कार करा, मग बसा. कॅलेंडरं उतरवली, त्यातलं एक चित्र कापून पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि काळ्या फितीची चौकट केली. राहिली खिडकी. समोरच्या बिल्डिंगीतलं कुटुंब काय जेवतंय ते आम्हाला दिसायचं, म्हणजे आमचं त्यांनाही दिसतच असणार. मध्ये आडोसा म्हणून सुतळीवर विटलेली, अर्धीच पुरणारी चादर होती.

"आई, खिडकीला काहीतरी करायला पायजे. लई उघडी हाय," मी एकदा म्हणाले. घाईत माझी वाघोली तोंडात यायची. सासूबाईंनी त्यावरून मला कधी हिणवलं नाही, हे इथं सांगायला हवं. त्यांनी कनवटीची किल्ली काढून दिली. "पेटीत बघ. ओटीचे पीस पडलेत ढीगभर. घे हवे ते. मला आता काय करायचेत."

पेटीत वरती मोठा गठ्ठा होता आणि त्यातल्या प्रत्येक पीसला टाचणीने चिठ्ठी लावलेली. 'वरच्या काकू.' 'भाचीचं बारसं.' 'कोपऱ्यावरच्या डॉक्टरीण.' ओटीत आलेला पीस कुणी शिवत नाही, तो पुढच्या बाईच्या ओटीत जातो, एवढं मलाही ठाऊक होतं. पण ज्या बाईने दिला तिच्याच ओटीत तो चुकून परत गेला, तर ती बाई आयुष्यभर ऐकवणार. म्हणून ही चिठ्ठी. शहरातल्या बायकांच्या या व्यवस्थेचं मला हसू आलं आणि कौतुकही वाटलं. पेटीच्या तळाशी आणखी एक गठ्ठा होता, जुन्या टॉवेलात बांधलेला. अठरा-वीस पीस. एकालाही चिठ्ठी नाही.

मी विचार केला, आणि तो फार समंजस विचार आहे असं तेव्हा मला वाटलं. चिठ्ठीवाल्यांना हात लावायचा नाही. ते कुणाचे ना कुणाचे आहेत, त्यांचा हिशोब लागलेला आहे. बिनचिठ्ठीचे म्हणजे कुठून आले ते विसरलेले, बेवारशी. ते घ्यावेत. ते नीट इस्त्री करून ठेवलेले होते, मध्ये डांबराच्या गोळ्या होत्या, कापड वरच्या गठ्ठ्यापेक्षा कितीतरी उजवं होतं. बियाणं नेहमी वेगळं बांधून ठेवतात, एवढं शेतकऱ्याच्या मुलीला कळायला हवं होतं. मला नाही कळलं.

तीन दिवस दुपारी, त्या आत पडलेल्या असताना, मशीनवर बसून मी पट्ट्या कापल्या आणि जोडल्या. पडदा लावला तेव्हा खोली एकदम दुसऱ्याच घरातली वाटायला लागली. ऊन आत येताना रंगीत होऊन येत होतं. मी सासूबाईंना हाक मारली. त्या दारात आल्या, बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मग "छान झालाय" म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही. पित्त झालंय म्हणाल्या.

संक्रांतीला माझं पहिलं हळदीकुंकू झालं. काळी साडी, हलव्याचे दागिने, पुढच्या खोलीत बायका मावत नव्हत्या. सगळ्यांच्या नजरा खिडकीकडे. तळमजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, "छान हो. आम्ही ओटी भरतो, तुम्ही खिडकी भरलीत." बाकीच्या हसल्या, मीही हसले, पेठेत एवढं चालायचंच. वरच्या काकू मात्र हसल्या नाहीत. निघताना त्यांनी मला जिन्यात थांबवलं.

"हे कापायला तुला कुणी सांगितलं?"

"आईंनीच. म्हणाल्या, घे हवे ते."

"चिठ्ठीचे घे म्हणाल्या असतील. बिनचिठ्ठीचे त्यांचे स्वतःचे आहेत. ओटीत आलेले नाहीत ते, एकेक शोधून विकत घेतलेले, शिवायचे म्हणून. साड्या बोहारणीला दिल्या तेव्हा मी इथंच होते. म्हटलं, वहिनी, आता हेही द्या. तर म्हणाल्या, हे राहू देत." काकू दोन पायऱ्या चढल्या आणि पुन्हा वळल्या. "तुला कुठून कळणार म्हणा," असं म्हणून वर गेल्या.

मी हातात तिळगुळाचा डबा घेऊन जिन्यात उभी राहिले. काकूंनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. सासूबाईंनी आपल्या जगण्यातलं सगळं देऊन टाकलं होतं आणि एक गाठोडं ठेवलं होतं, आणि तेवढंच मी शोधून कात्री लावली होती. आता त्या कधीच बाहेर येणार नाहीत, आणि ते माझ्यामुळे, एवढं एकच मनात होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या होत्या तेव्हा मी पडदा उतरवला आणि जमिनीवर बसून ब्लेडने शिवण उसवायला लागले. उपयोग काय, ते मलाही माहीत नव्हतं. दहा मिनिटांत त्या दारात आल्या.

"काय चाललंय?"

"चुकलं माझं, आई. काकूंनी सांगितलं."

"काकूंना काय, सांगायला." त्या हळूच खाली बसल्या. एक पट्टी उचलून बोटांनी चाचपली. "उसवून अखंड होणार आहेत का आता हे?"

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "साड्या चारचौघांना दिसतात. म्हणून दिल्या. हे पेटीत, कुणाला दिसतंय. तू दुपारी झोपलीस की काढायचे, बघायचे, ठेवून द्यायचे. एवढंच."

"मग मला घे का म्हणालात?"

"वाटलं, चिठ्ठीचे घेशील." हातातली पट्टी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "खरं सांगू? हेच घेतलेस तर सुटले एकदाची, असंही वाटलं होतं. पडदा बघितला तेव्हा कळलं, मला सुटायचं नव्हतं."

त्यांनी पडदा मांडीवर ओढून घेतला, लांब धरला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"या पिवळ्याशेजारी जांभळा कुणी लावला?"

"मीच."

"ते दिसतंच आहे. ऊठ, कात्री आण."

त्या दुपारी त्यांनी माझा पडदा पुरता मोडला आणि पुन्हा मांडला. मी पट्ट्या हातात द्यायच्या, त्या मान हलवून नको म्हणायच्या, एखादी बाजूला ठेवायच्या, पुन्हा मागायच्या. दोन भडक रंगांच्या मध्ये एक मातकट हवा, म्हणजे दोघं भांडत नाहीत, हे मी त्या दिवशी शिकले. मशीनवर त्या स्वतः बसल्या. मध्येच कडी वाजली. शेजारची बाई विरजण मागायला आली होती. सुईखाली कापड अडकलेलं होतं म्हणून असेल, पण त्या उठल्या नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "आत वाटीत आहे, घ्या हाताने."

एक मोरपंखी पीस त्यांनी पडद्यात घेतला नाही. त्याची वीतभर पट्टी मी आधीच कापलेली होती. तो त्यांनी घडी करून खाटेखाली ठेवला. चार दिवस मी बघत होते. तो पेटीत गेला नाही. पाचव्या दिवशी मी धीर करून विचारलं, "आई, याचा अजून ब्लाउज होईल का?" संध्याकाळी चपला घालून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चल, शिंप्याकडे."

शिंप्याने कापड टेबलावर पसरलं, टेप लावला. "अहो, अंग निघेल. बाह्या नाही निघत."

"बाह्या दुसऱ्याच्या करा," असं म्हणून त्यांनी पिशवीतून मरून रंगाच्या पट्ट्या काढल्या. आमच्याच पडद्यातून शिल्लक राहिलेल्या. म्हणजे त्यांनी हे घरून निघतानाच ठरवलेलं होतं. शिंपी म्हणाला, असं कुणी घालत नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कुठं घालायचाय."

पुढे पेठेत दोन रंगांच्या बाह्यांची टूम निघाली असं सांगायला मला आवडलं असतं, पण तसं काही झालं नाही. ब्लाउज शिवून आला आणि आठवडाभर खुंटीवर राहिला. मी रोज तिकडे बघायचे. मग महिन्याची एक तारीख आली. त्यांना सासऱ्यांची पेन्शन आणायला बँकेत जायचं होतं. त्या आतल्या खोलीतून बाहेर आल्या तेव्हा अंगावर रोजची राखाडी साडी होती आणि तिच्यावर तो मोरपंखी ब्लाउज, मरून बाह्यांचा. इतकी सुंदर दिसत होती ती बाई. मी तसं म्हणून टाकलं. "पासबुक घेतलंस का?" एवढंच त्या म्हणाल्या.

बँकेत रांग मोठी होती. आमच्या पुढे ओळखीच्या एक बाई होत्या, सासूबाईंच्याच वयाच्या. त्यांनी मागे वळून बघितलं, ब्लाउजवर नजर ठेवली, ती बाह्यांवर नेली, आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बरं वाटलं हो बघून. म्हणजे आता दुःख सरलं म्हणायचं."

"नवरा गेलाय माझा," सासूबाई म्हणाल्या. "डोळे शाबूत आहेत."

त्या बाई पुढे वळल्या. सासूबाई सरळ समोर बघत होत्या, चेहऱ्यावर काहीही नव्हतं. पण पदराखालून त्यांनी माझं मनगट धरलं होतं. काउंटर येईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.