रोममधला तो खांब

रोमच्या जुन्या चौकात गाइडने आम्हाला अर्धाच तास दिला होता. प्राचीन देवळाचे प्रचंड खांब मी डोळे भरून बघत होते. तेवढ्यात माझ्याच वयाची एक बाई भाजीची पिशवी घेऊन आली, एका खांबाला टेकली, चपलेतला खडा काढला आणि वरही न बघता निघून गेली. माझा नुसता जळफळाट झाला. मी जन्मभर ज्याची स्वप्नं पाहिली, ते हिच्या रोजच्या वाटेवर होतं!

"काय गं, गप्पशी?" ह्यांनी विचारलं.

"हिला बघायचीसुद्धा गरज नाही हो."

"मग तूही टेक की."

मी टेकले. दगड उन्हाने ऊबदार झाला होता. क्षणभर वाटलं, मीही इथलीच. इतक्यात एका पर्यटकाने हाताने खूण केली, बाजूला व्हा, फोटोत येताय. तिला असं कुणी हटवलं नसतं.